घडीचा चाकू पारखताना: बसणी आणि सफाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये मी बावीस वर्षं फिटर होतो. आता फोंड्यात घरीच घडीचे चाकू दुरुस्त करतो. कारागिराला ऑर्डर देऊन चाकू करवून घेणारी मंडळी पार्सल उघडलं की फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे ठीक आहे ना?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. फिट अँड फिनिश म्हणजे नेमकं काय?

आम्ही टूलरूममध्ये दोन शब्द वापरायचो, बसणी आणि सफाई. बसणी म्हणजे एक भाग दुसऱ्यात कसा बसला: पातं मुठीत मधोमध आहे का, लॉक नीट टेकतं का, मुठीची फळी लायनरला, म्हणजे तिच्या आतल्या धातूच्या पत्र्याला, चिकटून आहे का. सफाई म्हणजे त्यावरचा शेवटचा हात: कडा मारल्यात का, पॉलिशच्या रेघा एका दिशेने आहेत का, पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का.

सफाईतली चूक डोळ्याला खुपते, बसणीतली बरेचदा फक्त हाताला कळते. पण मी दोष मोजतो तो वेगळ्या मापाने: हा दोष वाढणारा आहे, की आहे तेवढाच राहणारा? पात्याचा उतार एका बाजूला अर्धा मिलिमीटर मागे सुरू झाला असेल तर दहा वर्षांनीही तो तेवढाच मागे असेल. लॉक मात्र नवेपणीच पलीकडच्या टोकाला पोचत असेल तर वर्षभरात त्याला जायला जागाच उरणार नाही. पुढची सगळी उत्तरं या कसोटीवर लिहिली आहेत.

२. पार्सल उघडल्यावर सगळ्यात आधी काय पाहू?

लगेच खटाखट उघडमीट करू नका. आधी मिटलेलाच चाकू हातात धरून पाहा. टोक मुठीच्या रेषेच्या आत आहे का? मुठीच्या पाठीकडून पाहिलं तर पातं मधोमध आहे का? टोक खाली धरून हलकं हलवलं तर पातं बाहेर येतं का? मग सावकाश उघडा आणि कुठे अडतं, कुठे खरखरतं ते बोटांना कळू द्या. लॉक लागल्यावर ते किती आत आलं ते पाहा, पातं हलवून पाहा. पृष्ठभाग, पॉलिश, ओरखडे हे सगळं त्यानंतर. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, आणि मुठीवरच्या एका बारीक रेघेने मन खट्टू झालं की लॉक तपासायचंच राहून जातं.

उजेडाबद्दल एक सांगतो. थेट ऊन नको आणि ट्यूबलाइटही नको. मी सकाळी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसतो आणि पात्याच्या सपाट भागावर खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब धरतो. पातं हळूहळू कलतं केलं की गजाची सरळ रेघ त्यावरून सरकत जाते. सपाट भाग खरोखर सपाट असेल तर रेघ सरळच राहते. जिथे ती पाण्यावरच्या सावलीसारखी लहरते, तिथे घासताना हात खोल गेलेला असतो. मॅट किंवा स्टोनवॉश (खड्यांत घोळवून खरबरीत केलेल्या) पात्यावर हे जमत नाही, तिथे स्टीलची पट्टी टेकवून मागे टॉर्च धरावा.

३. पातं मधोमध नाही, एका बाजूला झुकलंय. परत पाठवू का?

लायनरला घासत नसेल तर घाई करू नका. पिव्होट, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचा स्क्रू, एक अष्टमांश फेरा सैल करा, पातं चार वेळा फिरवा आणि परत आवळा. पुष्कळदा तेवढ्याने जागेवर येतं. लायनर लॉक आणि फ्रेम लॉकमध्ये (प्रश्न ५ पाहा) लॉकची पट्टी मिटलेल्या पात्याला सतत पलीकडे ढकलत असते, त्यामुळे केसभर झुकाव कारागिराने कितीही जपलं तरी राहू शकतो.

पिव्होट नेमका आवळूनही पातं एकाच बाजूला जात असेल तर तीन शक्यता उरतात. दोन वॉशरांची जाडी सारखी नाही, लायनर समांतर नाहीत, किंवा पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून कडक करताना, पातं वाकलं आहे. वाकलेलं पातं ओळखायला चाकू उघडा, एक डोळा मिटा आणि पाठीवरून टोकाकडे नजर लावा, बंदुकीच्या नळीवरून लावतात तशी. बाक असेल तर लपत नाही. तो कारागिराचाच दोष आहे आणि स्क्रू आवळून जाणार नाही. घासणारं पातं तर सरळ परत पाठवा, कारण प्रत्येक उघडमिटीला पॉलिशवर नवी रेघ पडणार.

४. उघडल्यावर पातं डुगडुगतं. किती डुगडुगणं चालेल?

आधी दिशा ठरवा. चाकू उघडा, टोकाच्या जरा मागे पात्याची पाठ फडक्याने चिमटीत धरा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पातं आणि मूठ मिळतात त्या सांध्यावर ठेवा. आता डावीकडे-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. हालचाल डोळ्यांच्या आधी त्या अंगठ्याला कळते.

डावी-उजवी हालचाल बहुतेक वेळा पिव्होट सैल असल्याची खूण असते, आणि किंचित आवळलं की जाते. हालचाल थांबेपर्यंत आवळलं आणि पातं फिरेनासं झालं, तर मात्र आतलं काम चुकलं आहे. चांगल्या चाकूत पिव्होटची एक जागा अशी सापडते जिथे पातं हलतही नाही आणि अडतही नाही. ती जागाच नसेल तर तक्रार करा.

वर-खाली हालचाल नव्या चाकूत शून्य हवी. तिचा पिव्होटशी फारसा संबंध नसतो. पातं एका बाजूने स्टॉप पिनवर (पात्याला ठरल्या जागी थांबवणाऱ्या खिळ्यावर) आणि दुसऱ्या बाजूने लॉकवर टेकलेलं असतं, त्यातला एक टेकू नीट बसलेला नाही असा तिचा अर्थ. लॉक जिथे टेकतं ती जागा वापराने झिजत जाते, म्हणून हा वाढणारा दोष आहे. कारण शोधायला प्रश्न ६ पाहा.

अलीकडे एक तिसरा प्रकार दिसू लागला आहे. पातं छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर फिरतं, आणि ते छर्रे कडक पोलादी वॉशरऐवजी थेट टायटॅनियमवर धावत असतात. टायटॅनियम मऊ, छर्रे कडक. चाकू पहिल्या दिवशी लोण्यासारखा चालतो, पण पुढे छर्ऱ्यांचे चर पडतात आणि डुगडुग सुरू होते. ऑर्डर देतानाच विचारून घ्या, "छर्ऱ्यांखाली कडक वॉशर आहे ना?"

५. लॉक किती आत यायला हवं?

लायनर लॉक मायकेल वॉकर आणि फ्रेम लॉक क्रिस रीव्ह या चाकू कारागिरांनी १९८० च्या दशकात पुढे आणलं. दोन्हींत तत्त्व एकच: स्प्रिंगसारखी पट्टी आत येते आणि पात्याच्या बुडाला मागून टेकू देते. पात्याचं बूड, म्हणजे टँग, तिथे साधारण ७ ते १० अंशांत तिरकं घासलेलं असतं. पट्टी झिजली की या तिरकसपणामुळे ती थोडी आणखी आत सरकते आणि टेकू कायम राहतो.

म्हणून नव्या चाकूत पट्टी बुडाच्या जाडीच्या साधारण ३० ते ५० टक्के भागावर आलेली असावी. पुढची जागा झिजेसाठी राखीव असते. जेमतेम कडेवर, १०-१५ टक्क्यांवर थांबत असेल तर दाब पडल्यावर घसरण्याची भीती असते. ८० टक्क्यांच्या पुढे असेल तर राखीव जागाच संपलेली. टक्केवारी पाहताना चाकू नेहमीच्या हाताने उघडा. जोरात झटका दिला तर पट्टी जास्त आत जाते आणि अंदाज चुकतो.

६. लॉक पूर्ण टेकतंय की फक्त एका कोपऱ्यावर, हे घरी कसं कळेल?

टूलरूममध्ये सांधा तपासायला निळा रंग लावतात. घरी काळा परमनंट मार्कर चालतो. पात्याच्या बुडाची जी तिरकी बाजू लॉकला टेकते तिथे शाई लावा, एक मिनिट वाळू द्या, मग पाच-सहा वेळा उघडमीट करा. शाई जिथे निघाली तिथे लॉक टेकतंय.

पिव्होटपासून लांबच्या, खालच्या भागात रुंद पट्टा निघाला असेल तर काम उत्तम. फक्त वर, पिव्होटजवळ निघाला असेल तर पातं त्या बिंदूवर झोपाळ्यासारखं हलणार, आणि प्रश्न ४ मधली वर-खाली हालचाल बहुधा तिथूनच येते. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असेल तर तो बिंदू लवकर झिजणार. फोटो काढून ठेवा, कारागिराला शंभर शब्दांपेक्षा तो लवकर कळतो. मग शाई स्पिरिटने पुसून टाका.

७. लॉक चिकटतं, अंगठ्याने सोडवताना जोर लावावा लागतो. दोष आहे का?

टायटॅनियमला दुसऱ्या धातूवर घासताना चिकटण्याची खोड आहे, त्यामुळे नव्या फ्रेम लॉकमध्ये थोडं चिकटणं नेहमीचं. टेकणाऱ्या जागी शिसपेन्सिलीच्या टोकाने रेघ ओढा आणि पंधरा दिवस वापरा, बहुतेक वेळा सुटतं. महिनाभरानंतरही अंगठा दुखत असेल, किंवा प्रत्येक वेळी 'कर्र' असा धातू सोलल्यासारखा आवाज येत असेल, तर तिरका कोन चुकलाय. जाणकार कारागीर या जागी पोलादाचा तुकडा बसवतात किंवा तिथल्या टायटॅनियमवर कार्बाइडचा कडक थर चढवतात.

कोनाच्या चुकीचं चिकटणं घरी कानस घेऊन दुरुस्त करायला जाऊ नका. त्या जागेवरून दोन शतांश मिलिमीटर जास्त निघालं तरी लॉक प्रश्न ५ मधल्या राखीव जागेत जाऊन बसतं.

८. लॉक भरवशाचं आहे का हे बघायला पात्याची पाठ टेबलावर आपटून पाहू?

नको. आपटण्याच्या झटक्याने चांगलं लॉकही क्षणभर उसळू शकतं, आणि त्या मारात टेकणाऱ्या जागेला खड्डा पडतो. चांगला चाकू तपासताना खराब झालेले दोन मी स्वतः पाहिले आहेत.

जाड हातमोजा घाला. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत अशी धरा की पातं मिटलं तरी वाटेत एकही बोट येणार नाही, आणि लॉकच्या पट्टीवरही बोट नको. पात्याची पाठ घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून सावकाश दाब वाढवा. मग दाब ठेवूनच मूठ थोडी पिळा, कारण प्रत्यक्ष वापरात हात सरळ राहत नाही. लॉक एकदा जरी सुटलं तरी तो चाकू वापरायचा नाही. दहापैकी एकदाच सुटलं, दिसायला फार सुंदर आहे, कारागीर ओळखीचा आहे, यातलं काहीही इथे चालत नाही.

९. टोक खाली करून हलवलं की पातं थोडं बाहेर येतं. खिशात ठेवायला चालेल?

चालणार नाही. मिटलेलं पातं धरून ठेवायला लॉकच्या पट्टीत एक बारीक छर्रा बसवलेला असतो आणि पात्यात त्याच्यासाठी खळगा असतो. याला डिटेंट म्हणतात. छर्रा नीट बसत नसेल किंवा पट्टीत ताण कमी असेल तर पातं खिशात उघडतं, आणि दुचाकीवर बसताना मांडी तिथेच असते. उलट डिटेंट फार कडक असेल तर उघडताना अंगठा निसटतो आणि धारेकडे जातो. ताण किती हवा हे थोडं आवडीवर आहे, पण मनगटाच्या झटक्याशिवाय नुसतं हलवून पातं बाहेर येता कामा नये.

१०. व्हिडिओत लॉक सोडलं की पातं आपोआप खाली पडतं. माझं पडत नाही.

हा दोष नाही. आपोआप पडणं बेअरिंगवाल्या चाकूंचं वैशिष्ट्य आहे. फॉस्फर ब्राँझच्या वॉशरांवर फिरणारं पातं थोडा विरोध करतं, आणि आपल्याकडच्या वाळूत तर वॉशरच बरे, कारण छर्ऱ्यांमध्ये कोलव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूचे चार कण शिरले तरी खरखर सुरू होते. पाहायचं ते एवढंच की विरोध पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा आहे का. मध्येच एका जागी जड लागत असेल तर ती जागा विचारण्यासारखी आहे.

११. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे नाहीत. किती फरक चालतो?

हाताने, ग्राइंडरच्या पट्ट्यावर काढलेल्या उतारांत थोडा फरक राहतोच. धार वर करून चाकू समोर धरा, म्हणजे दोन्ही उतार जिथे सुरू होतात त्या प्लंजच्या रेघा एकदम दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. एक रेघ गोल आणि दुसरी कोनात तुटलेली असेल तर मात्र हात ठरलेला नाही.

त्याहून महत्त्वाची धारेची पट्टी. धार लावताना तयार होणारा हा चमकदार काठ मुळापासून टोकापर्यंत एकसारख्या रुंदीचा आहे का ते पाहा. टोकाकडे तो एकदम रुंद होत असेल तर तिथे पातं जाड राहिलं आहे. व्हर्निअर असेल तर धारेच्या लगेच मागची जाडी मोजा. रोजच्या घडीच्या चाकूला साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरते. दोन बाजूंचा काठ कमीजास्त असेल तर धार मधोमध नाही, पण हे पुढच्या दोन-तीन धारा लावताना सुधारता येतं. एवढ्यासाठी चाकू परत पाठवायला मी सांगत नाही.

१२. सॅटिन फिनिशमध्ये उलटे ओरखडे दिसतात. वाहतुकीत पडले असतील का?

पॉलिश पेपरने हाताने घासलेल्या पात्यावर सगळ्या रेघा एकाच दिशेने जायला हव्यात. पातं उजेडात सावकाश फिरवा. एका विशिष्ट कोनातच चमकणाऱ्या, बाकीच्या रेघांना छेद देणाऱ्या खोल रेघा म्हणजे आधीच्या जाड पेपरचे ओरखडे, बारीक पेपरने पूर्ण न काढलेले. रेघेच्या शेवटी गळासारखा बाक असेल तर घासताना हात मागेपुढे झाला. वाहतुकीतला ओरखडा सुटा असतो आणि सॅटिनच्या रेघांच्या वरून गेलेला दिसतो.

हा दोष वाढत नाही. पण हाताने घासलेल्या सॅटिनसाठी वेगळे पैसे घेतले असतील तर बोलायचा तुमचा हक्क आहे. प्लंजच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही, तिथे आधी पाहा. आळस तिथेच उघडा पडतो.

१३. मुठीची फळी आणि बोल्स्टर यांत फट आहे. आणि पावसाळ्यात लाकूड वर आलं. हे सगळं एकच का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्या हवेत एकमेकींना मदत करतात. (बोल्स्टर म्हणजे मुठीच्या पुढच्या टोकाचा धातूचा तुकडा.)

फट तपासायला मागे टॉर्च धरा. उजेड आरपार आला, किंवा वर्तमानपत्राच्या कागदाचा कोपरा आत शिरला, तर सांधा बसलेला नाही. कोरड्या गावात ही फक्त दिसण्याची बाब ठरली असती. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. फटीत शिरलेला ओलावा बाहेर येत नाही आणि लायनर पोलादी असेल तर गंज आतून धरतो. म्हणून गोव्यात राहणाऱ्याने फट वाढणारा दोष मानावी.

लाकडाचं वागणं वेगळं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेशांच्या आडव्या दिशेने, रुंदीत वाढतं. माझ्याच एका चाकूला शिसवीच्या फळ्या आहेत. मे महिन्यात आला तेव्हा लाकूड आणि लायनर यांवरून नख फिरवलं तर सांधा कळत नव्हता. ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधी, त्याच जागी नख अडलं: लाकूड केसभर वर आलेलं. डिसेंबरात ते पुन्हा खाली गेलं. ही कारागिराची चूक नव्हती. चूक तेव्हा म्हणेन, जेव्हा लाकूड पुरतं न वाळवता लावलं असेल आणि पावसाळा गेल्यावर फळी आक्रसून कायमची फट राहिली, किंवा स्क्रूच्या भोकापासून चीर गेली. ऑर्डर देताना राळ भरून स्थिर केलेलं लाकूड किंवा मिकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाच्या थरांची फळी) मागा. म्हशीच्या शिंगाची मूठ देखणी असते, पण ओल्या-कोरड्या हवेत तीही वाकते.

साबराच्या शिंगाची मूठ कोणी देऊ केली तर घेऊ नका. साबर आणि चितळ यांच्या शिंगांच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली बंदी आहे.

१४. स्टेनलेस म्हणून घेतला आणि आठवड्यात ठिपके आले. कारागिराने फसवलं का?

आधी पोलादाचं नाव बघा. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांत, अडकतं, म्हणून समुद्राकाठी ते गंजतं. १०९५ आणि ५२१०० तर स्टेनलेस नाहीतच. याउलट २०२१ साली आलेल्या मॅग्नाकटमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्याही खाली आहे, तरी ते गंजाला उत्तम तोंड देतं, कारण त्याचं क्रोमियम मोकळं राहतं. नुसत्या टक्केवारीवरून फसायला होतं.

एम३९० किंवा ४४०सी सारख्या पोलादावर आठवड्यात ठिपके आले तर दोन गोष्टी तपासा. ठिपके बारीक, विखुरलेले आणि बेकिंग सोड्याच्या लगद्याने पुसून जाणारे असतील तर ते बहुतेक साध्या लोखंडाचे कण असतात, ग्राइंडर किंवा तारेच्या ब्रशवरून चिकटलेले. पुसल्यावर खाली खड्डा राहिला आणि डाग तिथेच पुन्हा आला, तर पाणी देताना काहीतरी चुकलं असावं. कडकपणा डोळ्यांनी दिसत नाही, पण धार पुठ्ठा कापून वळत असेल तर शंका पक्की होते. अशा पोलादांचं घडीचं पातं सहसा ५८ ते ६१ रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपास ठेवतात. कारागिराला आकडा विचारा, चांगला कारागीर लगेच सांगतो.

आणि चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून पावसाळा काढू नका. चामडं ओल धरतं, त्यावर बुरशी येते, आणि तो डाग कारागिराच्या माथी मारता येत नाही.

१५. धार लावली तरी एकाच जागी बोथट होते. असं का?

मिटताना धार आतल्या कशाला तरी आपटत असणार: पाठीमागचा स्पेसर (मुठीच्या दोन बाजूंमध्ये अंतर ठेवणारा तुकडा), एखादी पिन, किंवा स्टॉप पिन नीट न बसल्याने मुठीचा तळ. धार दिव्याकडे करून पाहा. तीक्ष्ण धार दिव्यात दिसत नाही, आपटलेली जागा ठिपक्यासारखी चमकते. खात्रीसाठी आतल्या स्पेसरवर थोडी ओली माती लावून चाकू मिटा आणि उघडा. मातीत रेघ उमटली तर धार पोचते आहे. धार लावत गेलं की पातं अरुंद होतं, त्यामुळे हे कधी कधी आपोआप कमी होतं, पण नव्या चाकूत हे मान्य करू नये.

१६. मी चाकू स्वतः खोलून आत पाहू का?

आधी कारागिराला विचारा. काही जण चाकूचे स्क्रू काढून तो खोलला की दुरुस्तीची हमी देत नाहीत. परवानगी असेल तर नेमक्या मापाचा चांगला टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) ड्रायव्हर घ्या, बहुतेक टी६ आणि टी८ लागतात. बाजारातल्या स्वस्त संचाने टी६ ची खाच पहिल्याच फेऱ्यात गोल होते. स्क्रू हलत नसेल तर आट्यांत लॉकटाइट (आटे जाम करणारा गोंद) असेल, सोल्डरिंग आयर्नने स्क्रूचं डोकं थोडं गरम करा.

आत पाहण्यासारखं खूप असतं. जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही कडा मारलेल्या असतील, वॉशर चपटे आणि स्वच्छ असतील, तर तो माणूस मनापासून काम करतो. अशा कारागिराला बाहेरचा एखादा ओरखडा मी आनंदाने माफ करतो.

१७. लॉक नसलेल्या, पाठीच्या स्प्रिंगवाल्या चाकूत काय पाहायचं?

अशा चाकूला स्लिपजॉइंट म्हणतात, त्याला प्रश्न ५ ते ९ लागू नाहीत. त्याची जुनी परीक्षा अशी: पातं उघडं, अर्धं आणि मिटलेलं, या तिन्ही स्थितींत पाठीची स्प्रिंग लायनरशी सपाट असावी, बोट फिरवलं तर पायरी लागू नये. अर्ध्यावर ती सपाट ठेवणं सगळ्यात अवघड, म्हणून तिथे थोडं वरखाली असेल तर चालतं. उघडताना आणि मिटताना 'टक्' असा कोरडा, ठाम आवाज यायला हवा.

१८. दमास्कस पात्यावर एक काळी रेघ आहे. नक्षी की भेग?

दमास्कस म्हणजे पोलादाचे थर जोडून केलेलं नक्षीदार पातं. नक्षीची रेघ पोलादाच्या थरांबरोबर वळते आणि त्यावरून सुई फिरवली तर अडकत नाही. थर नीट जुळले नसतील तर रेघ सुईच्या टोकाला लागते, थरांच्या कडेने लांब जाते, आणि तेल लावून पुसल्यावर थोड्या वेळाने तिथून पुन्हा तेल झिरपतं. पाठीकडे असेल तर दिसण्याचा दोष. धारेपर्यंत जात असेल तर पातं बदलून मागा.

१९. हातचं काम म्हणून किती सोडून द्यायचं?

कारखान्याचं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, यंत्र शतांश मिलिमीटरमध्ये काम करतं, हात करत नाही. मी दिसण्यातल्या चुका सैल हाताने मोजतो आणि लॉक, डिटेंट, स्टॉप पिन अजिबात सैल मोजत नाही, किंमत काहीही असो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोहाराकडून घेतलेल्या कोयत्यावर घणाचे ठसे असतात, ते कोणाला खुपत नाहीत, कारण कोयत्याची मूठ पक्की असते आणि धार टिकते. तसाच हिशेब इथे.

२०. जुना, वापरलेला चाकू घेतोय. वेगळं काय पाहू?

लॉक किती आत गेलं आहे ते आधी, प्रश्न ५ च्या हिशेबाने. स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील तर आत कोणीतरी हात घातला आहे. जुन्या फोटोशी ताडून पातं किती अरुंद झालं ते पाहा. विक्रेत्याकडून उघडलेल्या चाकूचा लॉकच्या बाजूने एक जवळचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर मी पुढे जात नाही.

२१. कारागिराला दोष कसा सांगू? वाईट वाटेल त्याला.

पहिल्या आठवड्यात सांगा, वापर वाढायच्या आत. एक दोष, एक फोटो, एक वाक्य. "लॉक खराब आहे" यापेक्षा असं लिहा: "नमस्कार दादा, चाकू मिळाला, मुठीचं काम फार आवडलं. एक अडचण आहे. उघडल्यावर पातं वर-खाली हलतं. मार्कर लावून पाहिलं, लॉक फक्त वरच्या कोपऱ्यावर टेकतंय, फोटो जोडला आहे. मी काही खोललेलं नाही. पाठवून देऊ का?" चांगल्या कारागिराला यात अपमान वाटत नाही. त्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

पाठवताना पातं पुसून तेलाचा हात द्या, मिटलेल्या चाकूवर दोन ठिकाणी रबर बांधा आणि चिठ्ठीत लिहा की आत धारदार वस्तू आहे. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी बाहेरून लावा आणि आत कोरडा कागद घाला. आत प्लास्टिक गुंडाळलं तर ओल पात्यालाच चिकटून राहते.